आत कुणी नाही

शिंपीकाकांनी माझ्या आईचं शेवटचं वाक्य म्हटलं, तेव्हा मी त्यांच्या यंत्राचा स्क्रू पाव फेरा फिरवत होते. कानाची यंत्रं बसवून देणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकान अरुंद आहे, पण मागे एक छोटी खोली आहे, दोन दारांची, भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा लावलेली. तिथे गिऱ्हाइकाला बसवायचं, यंत्र त्याच्या कानात घालायचं आणि म्हणायचं, "आता काहीही बोला." स्वतःचा आवाज नीट ऐकू आला की बाकीचं जग मागोमाग येतं, असं आमचे मालक म्हणतात. लोक काय वाट्टेल ते बोलतात. कुणी सकाळी काय खाल्लं ते सांगतं, कुणी सुनेच्या कागाळ्या करतं. एक निवृत्त मास्तर दर वेळी एकोणतीसचा पाढा म्हणतात आणि सातव्या ओळीला अडखळले की यंत्राला दोष देतात. मी शब्दांकडे लक्ष देत नाही. माझ्या कानाला ऐकायची नळी लावलेली असते आणि मला फक्त आवाजाच्या कडा ऐकायच्या असतात, कुठे फाटतोय, कुठे बोथट होतोय. काका बोलायला लागले तेव्हाही माझं लक्ष नव्हतं. पहिल्यांदाच आले होते, पश्चिम वसाहतीतून, साठीच्या पुढचे, बोटांना सुयांनी पडलेले घट्टे. घसा खाकरून म्हणाले, "काहीही म्हणजे काय बोलू? त्या दिवसाचं बोलू का? आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही."

"बोला ना," मी म्हटलं.

"घंटा झाली तेव्हा मी जिन्यात होतो. आई मागे. मला म्हणाली, तू हो पुढे, मी चप्पल घालून आलेच. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो तिनं हिरव्या दोऱ्यानं शिवला होता, वाकडातिकडा. मी पुढे झालो. खाली टाकीत पोचलो आणि दार आपोआप बंद झालं." त्यांनी बोटावरचा घट्टा चोळला. "मी शिंपी माणूस. तो पट्टा मी का नाही शिवून दिला, एवढंच मनात राहिलंय. पाच मिनिटांचं काम होतं हो."

माझा हात घसरला असावा, कारण यंत्रातून शिट्टी वाजली आणि काकांनी तोंड वाकडं केलं. मी सॉरी म्हटलं, स्क्रू मागे फिरवला, यंत्र पुसून परत बसवलं. सगळं नेहमीच्या सवयीनं. काका खूश होऊन गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "रस्त्यावरची पावलंसुद्धा ऐकू यायला लागली." मी मात्र नमद्याच्या खोलीत परत जाऊन दोन्ही दारं लावून बसले. त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, त्यामुळे स्वतःच्या रक्ताचा यायला लागतो. तू हो पुढे, मी चप्पल घालून आलेच. हे माझं होतं. माझ्या आईचं, मला म्हटलेलं. हिरवा दोरा माझा होता. बावीस वर्षं झोप येईना की मी त्या जिन्यावर जाऊन उभी राहायचे आणि ते वाक्य ऐकायचे, आणि मग कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसं वाटायचं. आज एका अनोळखी माणसानं ते खिशातून काढावं तसं काढून माझ्यासमोर धरलं होतं, आणि त्याच्याही हाताळण्यानं ते तितकंच गुळगुळीत झालेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी राख पडायला लागली हे सगळ्यांनाच माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात नववा धडाच आहे. राख पडली, हवा विषारी झाली, आमच्या गावातली माणसं जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत शिरली. लोखंडी दार आपोआप बंद झालं. आत दोनशे चौदा माणसं एक्केचाळीस दिवस राहिली. मग काचेच्या छताच्या शहरातून, म्हणजे इथून, पथक आलं, दार उघडलं, आणि उजेड आत आला. बाहेर कुणी वाचलं नाही. धडा इथे संपतो, शेवटी आमचं चित्र आहे, मी त्यातली कुठली ते ओळखता येत नाही. त्यानंतर आम्हांला आरोग्यभवनात चाळीस दिवस ठेवलं, दोन वसाहतींत वाटून दिलं, कामं दिली, लग्नं झाली, काहींची मोडली, माझं मोडलं, केस पिकले, चाळिशीचे चष्मे लागले. या सगळ्याचा धडा नाही. त्या दिवसाविषयी आम्ही एकमेकांशी बोलत नाही. तसा नियम कुणी केला नव्हता, निदान मला तसं वाटायचं. दुसऱ्याच्या जखमेला हात लावू नये इतकंच. पण त्या दुपारी खोलीत बसून मला पहिल्यांदा वाटलं, की न बोलण्याची ही रीत आम्ही पाडली की कुणी पाडून दिली. आम्ही बोललो असतो तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, की आपल्या सगळ्यांच्या आयांच्या चपला एकाच दोऱ्यानं शिवलेल्या आहेत.

मी पुन्हा त्या जिन्यावर गेले, पण आता चोरासारखी, वस्तू तपासत. तापलेल्या इस्त्रीचा वास. कठड्यावर हात, मनगटाजवळ भाजल्याचा डाग. पाऊल, पट्टा, दोरा. आवाज. आणि मान वर करून मी चेहरा बघायला गेले, तर तिथे चेहरा नव्हता. म्हणजे आई होती, आईचाच चेहरा होता, पण तो मी घरातल्या दुसऱ्या आठवणीतून आणून तिथे ठेवलेला होता. भांडी घासतानाचा चेहरा. त्याच्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड पडलेला होता, आणि जिन्याला तर खिडकीच नव्हती.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमच्या घरातले आम्ही दोघंच टाकीतून निघालो. तो भिंतीजवळच्या हवा-शुद्धी केंद्रात काम करतो. बाहेरची हवा मोठमोठ्या नळांतून आत ओढायची, गाळायची आणि शहराला सोडायची, हे त्याचं काम. पंख्यांच्या घरघरीनं त्याचा उजवा कान गेलाय. मी कितीदा म्हटलं यंत्र घे, तर म्हणतो, "बायको ज्या बाजूला बसते तोच कान गेलाय, असं नशीब सगळ्यांचं नसतं." यावर वहिनी दर वेळी त्याला डावा कान धरून ओढते. वहिनी इथलीच, छताखाली जन्मलेली. तिच्या घरात हसणं जरा जास्तच आहे, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला जाते. त्या आठवड्यातही गेले. वहिनी गरम वाढत होती आणि मी भाताचं शीत न् शीत वेगळं करत बसले होते. शेवटी विचारलं.

"दादा, आईचं शेवटचं वाक्य आठवतं तुला?"

वहिनीचा हात पातेल्यावरच थांबला. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. "तू हो पुढे, मी चप्पल घालून आलेच," तो म्हणाला, पाठ म्हणून दाखवावं तसं.

"कुठल्या पायाची चप्पल?"

"डाव्या."

"दोरा?"

"हिरवा. काय चाललंय तुझं?"

"आणि मी कुठे होते तेव्हा? माझ्या आठवणीत तू नाहीस, दादा. जिन्यात मी आणि आई, दोघीच आहोत. मग तू हे ऐकलंस कुठून?"

त्याच्या जबड्याचा स्नायू हलत होता, घास नसतानाही. "तू पुढे गेली होतीस," तो म्हणाला. मग ताटावरून उठला. मी त्याला ताटावरून उठताना कधी पाहिलं नव्हतं. टाकीत वाटीभर पेज वाटून घेतानाही त्यानं ताटली पुसून ठेवलेली मला आठवते. वहिनी कुजबुजली, "कशाला काढलंत हे, ताई? गेले वर्षभर तसाही तो झोपत नाही." मला वाटलं, झालं, त्याच्यातही तेच भरलंय, आणि आज मी ते टोचून फोडलं. बरोबर ओळखलं असं वाटण्याचा एक किळसवाणा आनंद मला झाला. नंतर लक्षात आलं की मी ओळखलं ते सगळं चुकीचं होतं.

आरोग्यभवनातले चाळीस दिवस मला धुकं पडल्यासारखे आठवतात. पांढऱ्या चादरी, तुळईवर चिकटलेली एक पाकोळी, आणि थोरल्या सिस्टर. रोज तीन वेळा त्या चमच्यानं जांभळं औषध पाजायच्या आणि उशाशी बसून हळू आवाजात काहीतरी सांगत राहायच्या. काय सांगायच्या ते आठवत नाही, फक्त आवाजाची लय आठवते, आणि औषध गोड होतं हे. शहरातल्या निम्म्या बहिऱ्यांचे कानाचे साचे आमच्या दुकानात आहेत, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. मालकांना न विचारता मी जुने डबे काढले. सिस्टरांचा साचा सहा वर्षांपूर्वीचा होता. मी तो तळहातावर घेऊन पाहिला. एवढंसं ते वळणदार पोकळ चिकणमातीचं, त्यातून या बाईनं आमचं काय काय ऐकलं असेल.

त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दार उघडलं, माझ्या हातातला डबा पाहिला आणि म्हणाल्या, "यंत्र तर नीट चाललंय माझं." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "एकशे सतरा," त्या म्हणाल्या. आरोग्यभवनातल्या माझ्या कार्डावरचा नंबर. "मनगटं तशीच आहेत तुझी. बस. पाणी देऊ?"

मी बसले, पण पाणी नको म्हटलं. म्हटलं, "एका शिंप्याच्या आईनं माझ्या आईची चप्पल घातली आहे."

त्या हसल्या नाहीत. खिडकीतल्या कुंडीची वाळकी पानं खुडत उभ्या राहिल्या. "दोन वसाहती केल्या त्या त्याचसाठी. तरी भेटलातच." एक पान त्यांनी चुरगळलं. "तुम्ही टाकीतून निघालात तेव्हा दोनशे पंचवीस होतात. हे पुस्तकात नाही. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी जीव दिला. एकानं तर माझ्या देखत, कात्रीनं. जे झालं होतं ते तुम्हांला झेपत नव्हतं. मग वरून ठरलं की ते काढून टाकायचं. औषधानं निघतं. पण नुसतं काढलं की तिथे भोक राहतं, आणि माणूस त्या भोकात बोट घालत बसतो. काहीतरी भरावं लागतं. खरं, कुणाच्या तरी आयुष्यात घडलेलं. रचलेलं टिकत नाही, आम्ही करून पाहिलं होतं."

"मग ती कुणाची आई?"

"माझी," त्या म्हणाल्या.

खालून रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचं एक चाक करकरत होतं. ते करकरणं पार कोपऱ्यापर्यंत मी ऐकलं.

"मी तरुण असताना ती गेली. राखेच्या कितीतरी आधी, एका आगीत. आठवण द्यायची म्हणजे आपल्यातून काढून द्यावी लागते, मूळ आपल्याकडे ठेवून नक्कल देता येत नाही. एकदा काढली की मग हवी तितक्यांना पाजता येते, फक्त ज्याची असते त्याच्याकडे उरत नाही. चेहरा तेवढा मुद्दाम गाळला. ज्यानं त्यानं आपापला घालावा म्हणून." त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हातारपणी डोळे पाणावलेलेच असतात, त्यामुळे त्या रडत होत्या की नव्हत्या ते कळत नव्हतं. "माझ्या वहीत लिहिलेलं आहे, जिना, चप्पल, दोरा. वाचते मी कधीकधी. पण वाण्याची यादी वाचल्यासारखं वाटतं. तुझ्याकडे ती आहे. सांगशील मला? आवाज कसा होता तिचा?"

मी त्यांचा गळा धरायला आले होते, निदान जिना चढताना तसं वाटत होतं. त्याऐवजी मी त्यांना त्यांच्या आईचा आवाज सांगितला. जरा बसका, सर्दी झाल्यासारखा. 'आलेच' म्हणताना शेवटी किंचित वर गेलेला, म्हणजे ती हसत असावी. कठड्यावरचा हात, मनगटावरचा भाजलेला डाग. सिस्टर मान हलवत ऐकत होत्या, जशी परक्या माणसाची ख्यालीखुशाली ऐकतात तशी, आणि प्रत्येक शब्दानंतर त्या कशाची तरी वाट बघत होत्या आणि ते येत नव्हतं. सांगून झाल्यावर मला जाणवलं की इतकं सांगूनही माझ्याकडचं काही कमी झालेलं नाही. याचीच मला जास्त भीती वाटली.

"आता माझं द्या," मी म्हटलं.

पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. आम्हांला आणलं त्या पहिल्याच दिवशी, औषधाच्या आधी, प्रत्येकाची जबानी टेपवर घेतली होती. त्या जाळून टाकायचा हुकूम झाला होता. सिस्टरांनी त्यांच्याऐवजी रिकाम्या टेप जाळल्या आणि या घरी आणल्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मी माझी दिली होती. तुमच्याही मीच जाळाव्यात हे जरा अति झालं असतं." त्यांनी एकशे सतरा काढली, यंत्रात घातली, बटण दाबलं, आणि स्वतःच्या कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. "ही मी पुष्कळदा ऐकली आहे," त्या म्हणाल्या, बहिरी माणसं बोलतात तशा जरा मोठ्यानं.

एकोणीस वर्षांच्या मुलीचा आवाज. मी रोज आवाज ऐकणारी बाई, पण ओळखायला मला वेळ लागला. त्यात कुठेही कड नव्हती, सगळा सपाट, ताणून बसवल्यासारखा. तो आवाज म्हणत होता: दाराला चाक होतं. ते आतून फिरवायला सहा माणसं लागायची. हवा अडीचशे माणसांनाच पुरेल असं वॉचमन म्हणाला. आम्ही दोनशे पंचवीस झालो होतो आणि जिन्यावरून मोठा घोळका येत होता, शंभरेक तरी. पाच जणांनी चाक धरलं होतं. सहावं कुणी पुढे होईना. मी धरलं. दादा म्हणाला, थांब, आई मागे आहे. मी ऐकलं. मला ऐकू आलं होतं. मी फिरवलं. मग ते बाहेर आले आणि दार वाजवायला लागले. वॉचमन म्हणाला, कुणी आवाज करू नका, आत माणसं आहेत हे कळलं तर ते दार तोडतील. सगळे गप्प बसले. लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवले. दादा ओरडणार होता, मी त्याच्या तोंडावर हात दाबला, तो चावला, मी काढला नाही. मग आईचा आवाज आला. अगदी दाराला तोंड लावून. तिनं माझं नाव घेतलं, दादाचं घेतलं. आम्ही श्वास धरून होतो. दोनशे पंचवीस माणसं. एकही खोकला नाही. मग ती बाकीच्यांना म्हणाली, आत कुणी नाही हो. पोरं दुसरीकडे गेली असतील. चला. आणि ते गेले.

टेप फिरत राहिली. सिस्टरांनी मुठीतलं यंत्र कानात घातलं तेव्हा सुरुवातीला नेहमी येते ती शिट्टी आली. मी विचारलं, "गेले म्हणजे कुठे गेले?"

"मी पथकात होते," त्या म्हणाल्या. "दारापासून राखेत अर्धवट बुजलेले ठसे होते. मोठे, लहान. टेकडीकडे गेलेले. आम्ही टेकडीपर्यंत गेलो, तर ते पलीकडेही जात होते. कुठेही पडलेलं माणूस दिसलं नाही. एकही नाही. आमचा प्रमुख थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, चला परत, छताखाली जागा मोजकीच आहे. मग धड्यात लिहिलं, बाहेर कुणी वाचलं नाही."

मी चार जिने उतरले. रस्ता तोच होता. एक माणूस दुकानाच्या काचेवर ओलं फडकं फिरवत होता, एक बाई बसथांब्यावर बुटाची नाडी बांधत होती. वर छतावर राखेचा पातळ थर सरकत होता, वाळू चाळल्यासारखा आवाज करत. हा आवाज मला बावीस वर्षं पावसासारखा सोबतीचा वाटत आला होता. आता वाटत होतं, कुणीतरी वरून अलगद चालतंय. मी आत शोधत होते, आता तरी काही आठवतंय का. चाकाचा थंडपणा, हाताखालचे दादाचे दात. काही नाही. औषध नीट मुरलं होतं. मला माहीत होतं, पण आठवत नव्हतं. सिस्टरांच्या वहीसारखी माझीही यादी झाली होती. आणि ज्या बाईसाठी मला रडू यायला हवं होतं तिच्याऐवजी माझ्या डोळ्यांसमोर ती दुसरीच येत होती, हसत 'आलेच' म्हणणारी. माझ्या आईला मी दोनदा बाहेर ठेवलं, असं मला बसथांब्यावर उभं असताना वाटलं. बस आली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी सुरू होताना मी हवा-शुद्धी केंद्रात गेले. दादा गाळण्या धूत होता, कोपरापर्यंत करडा. मला पाहून त्यानं नळ बंद केला.

"माझी जबानी ऐकली मी," मी म्हटलं. "टेपवर."

तो उलट्या बादलीवर बसला. "सगळी?"

"तुझ्या तोंडावर हात दाबला ते सगळं." मग मला वाटलं त्याला सावकाश सांगायला हवं, जसं मला कुणी सांगायला हवं होतं. "दादा, तुला आठवतं ती गोष्ट खरी नाही. ती आपल्यात घातलेली आहे."

"मला ते औषध कधी टिकलंच नाही," तो म्हणाला. "आठ दिवस ओकलो. नंतर गालात धरून ठेवायचो आणि मोरीत थुंकायचो. सिस्टरांना वाटलं मुरलं."

पंखे फिरत होते. मी पुन्हा सांग म्हटलं नाही. माझे कान चांगले आहेत.

"मग चप्पल? हिरवा दोरा?"

"तूच सांगायचीस. आरोग्यभवनात रोज सकाळी माझ्या पलंगावर येऊन बसायचीस आणि ती चपलेची गोष्ट सांगायचीस. इतकी शांत दिसायचीस तू. आदल्या आठवड्यात अकरा गेले होते. मी म्हटलं, ही बारावी नको." त्यानं हात पँटला पुसले, ते आणखी करडे झाले. "मग पाठच झाली."

"बावीस वर्षं तू माझ्याबरोबर जेवलास."

"हो."

"राग नाही आला?"

"आला की. अजून येतो. जेवताना येतो. तू हसतेस तेव्हा तर फार येतो. मग उतरतो." तो जमिनीकडे पाहत होता. "आणि मी तरी काय केलं? तू दोन मिनिटांनी हात काढलास. त्यानंतर मला ओरडता आलं असतं. आई तेव्हा दाराशीच होती. मी नाही ओरडलो. टेपवर हे आहे का?"

"नाही."

"मला वाटलंच. तू तेव्हाही मला वाचवलंस."

मग तो उठला, म्हणाला, "तू आलीयसच तर एक काम कर. नळी आणलीस का, ऐकायची?" ती माझ्या पिशवीत कायम असते. त्यानं मला पंख्यांच्या मागून, वाकूनच जावं लागतं अशा बोळातून, भिंतीपर्यंत नेलं. तिथे सात नंबरचा नळ भिंतीतून आत येतो, माणूस रांगत जाईल एवढा जाड, बाहेरच्या बाजूला दूरवर राखेत पसरलेला. लोखंड हाताला गार लागत होतं आणि थरथरत होतं.

"वर्ष होऊन गेलं," दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "पाळी बदलताना तीन नंबरचा पंखा बंद असतो, तेव्हा यातून आवाज येतो. मला आधी वाटलं माझ्या डोक्यातला आहे, टाकीतलाच. एक कान गेलेला, दुसऱ्यात ही घरघर. कुणाला विचारणार? विचारलं असतं तर नळच बुजवला असता यांनी. तू ऐक. तू सांगशील ते खरं."

तीन नंबरचा पंखा बंद झाला. मी नळीची टोकं कानात घातली आणि दुसरं टोक लोखंडावर टेकवलं. आधी हवा, धबधब्यासारखी. तिच्याखाली राखेचे कण, नळाच्या पोटाला घासत येणारे. त्याच्याखाली बाकीच्या पंख्यांची घरघर, तिचे चढउतार मी एकेक करून बाजूला केले, जसे रोज करते. आणि सगळ्यांच्या तळाशी, फार लांब, ठोके. तीन. मग थांबणं. मग तीन. लोखंड तापून निवताना असे आवाज करतं, सैल झालेली झडप करते. मी ऐकत राहिले. पंधराव्या-सोळाव्या खेपेला तिसरा ठोका जरा उशिरा आला. नंतर आणखी उशिरा. एकदा तो आलाच नाही, आणि मग घाईघाईनं, हात बदलल्यासारखा, जोरात आला. झडप थकत नाही.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मला तेव्हा कळलं की मी श्वास रोखून धरलाय. कुणी सांगितलं नव्हतं. मेंदूतून सगळं काढून घेतलं तरी छातीला ते ठाऊक होतं, बाहेर कुणी वाजवलं की कसं बसायचं. फासळ्या आवळून, दात दातांवर, जिभेनं टाळू दाबून. ही माझी पहिली खरी आठवण होती, आणि ती आठवण नव्हतीच, मी ते करतच होते.

मी श्वास सोडला. "माणूस आहे," मी म्हटलं.

दादानं भिंतीला हात टेकला. मी खाली पडलेला मोठा पाना उचलला. तो म्हणाला, "वाजवलंस तर वरच्यांनाही कळेल. मग परत गप्प बसता येणार नाही."

"हो."

त्यानं मला अडवलं नाही. पाना जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागला. मी तीनदा मारला. नळ घंटेसारखा दणाणला, वर कुणीतरी "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडलं. मी घाईनं नळी परत टेकवली. लांबचे ठोके थांबले होते. हवा, राख, पंखे. इतका वेळ काही नाही की मला वाटलं आपण त्याला घाबरवलं. बाहेर आता तो माणूस माझ्यासारखाच श्वास धरून बसला असेल.

मग ठोके आले. तीन नव्हते, एकाचे नव्हते. आधी जवळून, मग त्याच्या मागून, मग सबंध नळाच्या लांबीवर, दगडांचे, लोखंडाचे, हातांचे, एकात एक मिसळलेले, मग सहा नंबरच्या नळावर, मग पाच. त्यांत आनंद होता की बावीस वर्षांचा राग, ते नळीतून कळत नाही. वरून पावलं धावत येत होती. आमच्या पायाखालची फरशी हलायला लागली.

"किती आहेत?" दादा ओरडून विचारत होता. नळी नसूनही आता त्याच्या चांगल्या कानाला ते ऐकू येत असणार, तरी तो मलाच विचारत होता. "अगं, किती आहेत?"

मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.